रुपे आणि रुपया

देवघरातला टाक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. चांदीचा पातळ पत्रा, आणि त्यावर ठोकून उठवलेली खंडोबाची किंवा भवानीची मूर्ती. आता खिशातला रुपया काढून त्याच्या शेजारी ठेवा. हाही धातूचा चपटा तुकडाच, आणि त्यावर ठोकून उठवलेली सिंहमुद्रा. एक पूजेचा, दुसरा व्यवहाराचा. पण दोन्हींमागची क्रिया एकच. धातूवर रूप उमटवायचे. टाक आजही बहुधा चांदीचा असतो. रुपयात मात्र चांदीचा कणसुद्धा नाही. तरीही आपण त्याला ‘रुपया’ म्हणतो, म्हणजे मुळात ‘रुप्याचा’ म्हणतो. हे असं कसं झालं? धातू निघून गेला आणि नाव तेवढे मागे राहिले, ही गोष्ट घडली कधी, आणि तिची किंमत कोणी मोजली? आज आपण चांदीच्या नावांचा माग काढत या प्रश्नापर्यंत जाऊ.

प्रथम जुनी नावे पाहू. संस्कृतात चांदीला ‘रजत’ म्हणतात. प्राचीन इराणातील अवेस्ता ग्रंथाच्या भाषेत ‘अरेझत’, लॅटिनमध्ये ‘अर्जेंटम’, ग्रीकमध्ये ‘आर्ग्युरोस’, जुन्या आयरिश भाषेत ‘अरगत’. आयर्लंडपासून पंजाबपर्यंत पसरलेल्या या भाषा, पण शब्दांचे तोंडवळे सारखे आहेत. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की या सर्वांच्या मुळाशी ‘पांढरे, लखलखीत’ या अर्थाचा एकच धातू आहे; येथे धातू म्हणजे व्याकरणातला बरं का! आपला ‘अर्जुन’ हा शब्दही त्याच कुळातला. अर्जुन म्हणजे शुभ्र. पांढुरक्या सालीच्या झाडाला आपण अर्जुनसादडा म्हणतो, ते याच अर्थाने. शाळेत रसायनशास्त्र शिकवताना चांदीची खूण म्हणून ‘एजी’ ही दोन इंग्रजी अक्षरे आपण फळ्यावर लिहितो. ती लॅटिन ‘अर्जेंटम’ची आहेत. तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनी मुलांना खुशाल सांगावे की ही खूण आणि महाभारतातला अर्जुन हे दूरचे भाऊबंद आहेत.

या जुन्या लोकांनी चांदीला स्वतंत्र नाव देण्यापूर्वी तिला सोन्याचीच एक जात मानले असावे, असे दिसते. तैत्तिरीय संहितेत चांदीला ‘रजत हिरण्य’, म्हणजे पांढरे सोने, असे म्हटले आहे. तेथे एक कथाही आहे. देवांनी आपली संपत्ती अग्नीजवळ ठेवायला दिली. अग्नी ती घेऊन पळाला. देवांनी त्याला गाठले तेव्हा तो रडला, आणि त्याचा जो अश्रू गळला त्याची चांदी झाली. म्हणून यज्ञात चांदीची दक्षिणा देऊ नये. देणाऱ्याच्या घरी वर्षाच्या आत रडण्याचा प्रसंग येतो, असा तिथे इशारा आहे. ही अश्रूंची कथा ध्यानात ठेवा. पुढे तिची आठवण होईल.

प्राचीन इजिप्तमध्येही हाच विचार होता. तेथील शब्द ‘हेज’, आणि त्याचाही अर्थ पांढरे. त्या देशात सोने मुबलक होते आणि चांदी दुर्मिळ, त्यामुळे फार जुन्या काळी तेथे चांदीचा मान सोन्याहून अधिक होता. आपल्या दक्षिणेला पाहा. तमिळमध्ये चांदीला ‘वेळ्ळी’, तेलुगूत ‘वेंडी’, आणि सोलापूर-अक्कलकोटकडच्या मंडळींच्या कानावरून जाणाऱ्या कानडीत ‘बेळ्ळी’. या शब्दांचे मूळ रजताच्या कुळाहून अगदी वेगळे आहे, पण अर्थ पुन्हा तोच: पांढरे. तमिळमध्ये शुक्राच्या चांदणीलाही वेळ्ळीच म्हणतात. आणि आपला बाजारातला शब्द, ‘चांदी’? त्यात तर चंद्र सरळच दिसतो. माणसे वेगळी, मुलूख वेगळा, पण दगडातून निघालेला हा धातू पाहून सर्वांच्या तोंडून पहिला उद्गार एकच निघाला.

इंग्रजीतला ‘सिल्व्हर’ मात्र या रांगेत बसत नाही. जर्मनमध्ये ‘झिल्बर’, रशियनमध्ये ‘सेरेब्रो’, लिथुआनियनमध्ये ‘सिदाब्रास’, आणि स्पेनच्या उत्तरेकडील बास्क लोकांच्या भाषेत ‘झिलार’. बास्क भाषेचे या इतर भाषांशी काही नाते नाही, तरी शब्द जुळतो. यावरून विद्वान असे अनुमान काढतात की हा शब्द यांपैकी कित्येकांच्या घरचा नसावा. तो व्यापाराबरोबर, मालाच्या गोणीबरोबर गावोगाव फिरला. आपल्याकडे बटाटा आला तो आपले नाव घेऊनच आला ना, तसेच हे.

आता आपल्या ‘रुपे’ या शब्दाकडे वळू. तो या सर्वांहून निराळा आहे. त्यात पांढरेपणा नाही, चंद्र नाही. त्यात आहे ‘रूप’. पाणिनीने आपल्या व्याकरणात ‘रूप्य’ शब्द कसा बनतो ते सांगितले आहे. त्याचे दोन अर्थ तो देतो. एक, प्रशंसा करण्याजोगे रूप असलेला, म्हणजे सुंदर. दुसरा, ज्यावर रूप ‘आहत’ केले आहे, म्हणजे ठोकून उठवले आहे, असा. या दुसऱ्या अर्थात आपले नाणे लपलेले आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या देशात चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर सूर्य, डोंगर, झाड, बैल अशा खुणा ठोकीत. इतिहासकार त्यांना ‘आहत नाणी’च म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांदीच्या नाण्याला ‘रूप्यरूप’, तांब्याच्या नाण्याला ‘ताम्ररूप’, आणि नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’ म्हटले आहे. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण धातू ओळखतो, त्याच्या पोटात पहिल्यापासूनच शिक्का आहे.

गंमत अशी की ग्रीकांनी नेमके उलटे केले. त्यांच्याकडे ‘आसेमोस’ म्हणजे खूण नसलेले. ज्या चांदीवर शिक्का उमटवला नाही तिला ते या शब्दाने ओळखीत. हळूहळू तोच शब्द चांदीचे नाव बनला. आजच्या ग्रीक भाषेत चांदीला ‘आसिमी’ म्हणतात. ‘आर्ग्युरोस’ मागे पडला. हाच शब्द इराणात गेला आणि फारसीत ‘सीम’ झाला. तेव्हा एका भाषेत चांदी म्हणजे ‘ठसा असलेली’ आणि दुसरीत ‘ठसा नसलेली’. वस्तू तीच, पण एकाने ती टाकशाळीच्या आत पाहिली आणि दुसऱ्याने टाकशाळीच्या बाहेर.

ठसा म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी! ती क्षहरात राजा नहपान याची. पण त्यांतील सुमारे नऊ हजार नाण्यांवर दुसरा एक शिक्का ठोकलेला होता, गौतमीपुत्र सातकर्णी याचा. सातकर्णीने नहपानाचा पराभव केला, पण त्याची चांदी वितळवली नाही. जुन्या राजाच्या चेहऱ्यावरच आपली खूण उमटवली आणि नाणी पुन्हा बाजारात सोडली. रुपे तेच राहिले, रूप बदलले. बाजारात फिरणाऱ्या त्या चकतीवर शब्द कोणाचा चालेल, हे मात्र तलवारीने ठरवले.

चांदीचे नाव आणि पैशाचे नाव एक होणे, हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. फ्रेंच माणूस ‘आर्जां’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ चांदीही होतो आणि पैसाही. हिब्रूतील ‘केसेफ’चे तेच. आयरिशमध्ये, वेल्शमध्ये आणि तिकडे थायलंडच्या भाषेतही चांदीला व पैशाला एकच शब्द आहे. चिनी भाषेत बँकेला जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘चांदीची पेढी’. जपानच्या टोकिओ शहरातील ‘गिंझा’ या प्रसिद्ध पेठेचे नाव तेथे १६१२ साली आलेल्या चांदीच्या टाकसाळीवरून पडले. बोहेमियातील योआखिम्सथाल या गावी चांदी सापडली. सुमारे १५२० पासून तेथे पाडलेल्या नाण्यांना ‘थालर’ म्हणू लागले आणि त्याचाच पुढे ‘डॉलर’ झाला. स्पॅनिश लोकांनी तर चांदीला ‘प्लाता’, म्हणजे चपटा पत्रा, असे कामचलाऊ नाव दिले. आणि दक्षिण अमेरिकेत एका नदीला प्लाता व एका देशाला ‘अर्जेंटिना’ ही नावे पडली ती चांदी मिळेल या आशेने. अर्जेंटिनाच्या त्या नदीकाठी काही चांदी निघाली नाही. ती निघाली फार दूर, आजच्या बोलिव्हिया देशातील पोतोसी येथे.

पोतोसीचा आपल्याशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध मोठा आहे. भारतात चांदीच्या खाणी मुळातच कमी. राजस्थानात शिसे आणि जस्ताच्या खनिजाबरोबर थोडी चांदी निघते. आजही देशातली चांदी मुख्यत्वे तेथूनच मिळते. पण एवढ्या मोठ्या मुलखाला ती कधीच पुरली नाही. आपल्याकडून कापड, मसाले, नीळ बाहेर जात आणि त्यांच्या बदल्यात चांदी येत असे. १५४५ साली पोतोसीचा डोंगर स्पॅनिश लोकांच्या हाती लागला. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून उंचावरील त्या खाणींत तेथील मूळ रहिवाशांना वेठीने राबवले गेले, आणि पुष्कळ माणसे त्यात मेली. तेथल्या चांदीची नाणी स्पेनला गेली, तेथून युरोपभर, आणि व्यापाऱ्यांच्या गलबतांतून सुरतेच्या बंदरात आली. सुरतेच्या टाकसाळीत ती वितळवली जात आणि त्यांचे रुपये पाडले जात.

रुपया हा शब्द नाण्याचे ठरलेले नाव म्हणून रूढ केला तो शेरशहा सूर याने. त्याचा राज्यकाळ अवघा पाच वर्षांचा, १५४० ते १५४५. म्हणजे ज्या साली पोतोसीचा डोंगर फोडायला सुरुवात झाली, त्याच साली हा बादशहा वारला. त्याचा रुपया सुमारे १७८ ग्रेन वजनाचा, चोख चांदीचा होता. अकबराने आणि पुढच्या मोगलांनी तोच पुढे चालवला. आज नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, मॉरिशस, सेशेल्स या देशांत रुपया आहे, मालदीवमध्ये ‘रुफिया’ आणि इंडोनेशियात ‘रुपिया’. पाणिनीच्या त्या ‘रूपा’ने केवढा प्रवास केला पाहा!

मराठी राज्यात रुपये तऱ्हेतऱ्हेचे होते. चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी, अंकुशाची खूण असलेला अंकुशी, आणि आणखी कितीतरी. प्रत्येकाचा कस निराळा, झीज निराळी. म्हणून एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत नेला की सराफ तो वाजवून, घासून पाही आणि काही पैसे कापून घेई. या कापण्याला ‘बट्टा’ म्हणत. आजही आपण ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो. चांगल्या माणसाला ‘बंदा रुपया’ म्हणतो, स्पष्ट बोलण्याला ‘खणखणीत’ म्हणतो. सराफाच्या पाटावरचे हे शब्द माणसाच्या अब्रूपर्यंत पोचले, याचे कारण रुपयाची अब्रू त्याच्या चांदीत होती.

१८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. हा राणीछाप, कलदार रुपया खेड्यापाड्यांत इतका मुरला की वजन म्हणूनही वापरात आला. ८० रुपये भार म्हणजे पक्का शेर. आणि कायदा असा होता की कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावे, शेकडा सुमारे दोन रुपये घडणावळ द्यावी आणि आपल्या चांदीचे रुपये करून घ्यावेत. याचा अर्थ नीट समजून घ्या. घरातल्या बाईच्या पायांतले तोडे, बाळाच्या पायांतले वाळे, कमरेची साखळी, हे सारे न पाडलेले रुपयेच होते. शंभर तोळे, रुपयाच्या कसाची चांदी असली तर तिचे सुमारे ९८ रुपये ठरलेले. रुपे आणि रुपया यांत फक्त एका ठशाचे अंतर होते. खेड्यात बँक नव्हती. बायकांच्या अंगावरची चांदी हीच बँक. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खनच्या शेतकऱ्यांचे दागिने ढिगांनी मुंबईच्या टाकसाळीत आले ते याच वाटेने. दागिना गेला, पण त्याचे मोल हाती आले.

पण त्याच सुमारास जगात चांदीचे दिवस फिरू लागले होते. अमेरिकेत नेवाडा येथे चांदीच्या नव्या खाणी लागल्या. जर्मनीने १८७१ नंतर चांदीचे चलन मोडून सोन्याचे धरले. इतर देशही त्याच वाटेने गेले. चांदी स्वस्त होत गेली आणि तिच्याबरोबर रुपयाही. १८७१ च्या सुमारास रुपयाला जवळजवळ २ शिलिंग मिळत. १८९३ पर्यंत तो १ शिलिंग ३ पेन्सांच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारला दर वर्षी विलायतेत मोठ्या रकमा भराव्या लागत: कर्जावरचे व्याज, अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्कराचा खर्च. त्या सोन्यात, म्हणजे पौंडांत. रुपया उतरला की तितके अधिक रुपये पाठवावे लागत. सरकारच्या अंदाजपत्रकाला भगदाड पडले. लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिच्या सल्ल्याने २६ जून १८९३ रोजी कायदा झाला. यापुढे लोकांची चांदी घेऊन टाकसाळ रुपये पाडून देणार नाही.

दरवाजा बंद झाला. रुपया दुर्मिळ होत गेला आणि काही वर्षांत १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिरावला. चांदी मात्र उतरतच गेली. शतक संपता संपता एका रुपयातल्या चांदीची लंडनच्या बाजारातली किंमत सुमारे १० पेन्स होती, आणि त्याच रुपयाची किंमत १६ पेन्स. हिशेब साधा आहे. ज्या शंभर तोळ्यांचे पूर्वी ९८ रुपये येत, त्यांना आता साठ-पासष्टांच्या आसपासच भाव. सारा मात्र रुपयांत भरायचा, सावकाराचे देणे रुपयांत फेडायचे. आणि नेमक्या त्याच वर्षांत, १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली, पाठोपाठ दोन भयंकर दुष्काळ पडले. पुन्हा तोडे निघाले, साखळ्या निघाल्या. पण या वेळी टाकसाळीची वाट बंद होती. सोनार-सराफ देईल तो भाव घ्यायचा. ज्या बाईने सुगीच्या वर्षी एकेक तोळा जोडला होता, तिला लंडनचा हिशेब ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिच्या स्त्रीधनाचा तिसरा हिस्सा तिच्या अंगावरच विरून गेला होता. अग्नीच्या अश्रूंची ती कथा येथे आठवावी.

याविरुद्ध त्या काळीच आवाज उठला. दादाभाई नौरोजींनी १८९८ च्या चलन समितीपुढे या धोरणाचा कडक निषेध केला. रुपयाची किंमत कृत्रिमरीत्या चढवणे म्हणजे रयतेवर न सांगता कर वाढवणे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारच्या बाजूनेही मुद्दे होते: उतरत्या रुपयाने नवे कर बसवावे लागले असते आणि व्यापार डळमळला असता. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनला अभ्यास करून रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. टाकसाळी बंद झाल्यानंतरच्या चलनव्यवस्थेची त्यात अतिशय बारकाईने चिकित्सा आहे. या विषयात ज्यांना खोल जायचे असेल त्यांनी तो अवश्य पाहावा.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१७ साली एक रुपयाची कागदी नोट आली. १९४० साली रुपयातली चांदी निम्मी केली गेली. १९४७ च्या रुपयात चांदी उरलीच नाही. तो निकेलचा झाला. पुढे पोलाद आले. २०१० साली रुपयाला स्वतंत्र चिन्ह मिळाले, आणि ते देवनागरी ‘र’वर बेतलेले आहे. त्या ‘र’मध्ये रुप्याचे पहिले अक्षर तेवढे शिल्लक आहे.

आणि खुद्द ‘रुपे’ या शब्दाचे काय झाले? मराठीच्या बाजारात त्याची जागा ‘चांदी’ने घेतली. गोव्यात कोंकणी बोलणारे आजही चांदीला ‘रुपें’ म्हणतात. आपल्याकडे तो ‘सोने-रुपे’ या जोडीत, ‘रुपेरी’ किनारीत, ‘रुपेरी पडद्या’वर आणि ‘रौप्यमहोत्सवा’च्या निमंत्रणात राहिला आहे. धातूला नवे नाव मिळाले. जुने नाव नाण्याबरोबर गेले आणि मग नाणेच बदलले.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. वर्गातल्या मुलांना सांगा, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून चांदीच्या दागिन्यांची नावे लिहून आणा. वाळे, तोडे, पैंजण, जोडवी, साखळ्या, वाकी. प्रत्येक तालुक्यात आणखी निघतील. त्यांतला कोणता दागिना कधी मोडला आणि कशासाठी, हेही विचारायला सांगा. बियाण्यासाठी, आजारपणासाठी, शाळेच्या फीसाठी. राजांच्या नाण्यांचा इतिहास संग्रहालयात जपलेला आहे. या दुसऱ्या रुप्याचा इतिहास कोणत्याही टाकसाळीच्या वहीत नाही. तो अजून थोड्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि तो उतरवून घ्यायला एक वही आणि एक पेन्सिल पुरेशी आहे.